जोर संपल्यावर वजन कुठे जातं?

डोंबिवलीतल्या एका सार्वजनिक व्यायामशाळेत संध्याकाळची पाळी माझ्याकडे असते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, कॉलेजातली मुलंमुली, लोकलमधून उतरून घरी न जाता थेट येणाऱ्या नोकरदार बायका, डॉक्टरांनी 'थोडा व्यायाम करा' म्हणून पाठवलेले निवृत्त काका, असा सगळा मेळा असतो. गरजा वेगवेगळ्या, पण पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो: "सर, छाती मशीनवर मारू की रॉडवर?"

मी उलट विचारतो, शेवटच्या काउंटला हातातला जोर संपला तर ते वजन जाईल कुठे? रॉड, डंबेल, केबल, जमिनीवरचे जोर, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. ते उत्तर ज्याला आधीच माहीत असतं, तो कुठल्याही साधनावर सुखरूप राहतो. अनुभवाने जे पक्कं झालं ते खाली लिहिलं आहे.

१. छातीचा व्यायाम, पण सांभाळायचा खांदा

नव्या माणसाला मी आधी कुठल्याच साधनाजवळ नेत नाही. उजवा तळहात डाव्या छातीवर ठेवायला सांगतो आणि डावा हात समोर सरळ करून आडवा उजवीकडे न्यायला लावतो. तळहाताखाली जो पसरट स्नायू ताठ होतो तो पेक्टोरालिस मेजर. कॉलर बोन, छातीचं मधलं हाड आणि वरच्या बरगड्या इथून तो निघतो. त्याचे सगळे धागे काखेच्या दिशेने एकत्र येतात आणि खांद्याच्या थोडं खाली दंडाच्या हाडाला जोडले जातात. हात पुढे ढकलणं, अंगाच्या मध्याकडे आणणं आणि आत वळवणं ही त्याची कामं.

म्हणजे छातीचा स्नायू हलवतो तो हात, आणि हात बसलेला असतो खांद्याच्या सांध्यात. हा शरीरातला सगळ्यात मोकळा फिरणारा सांधा. त्याची खोबण उथळ असल्यामुळेच तो इतका फिरतो, आणि त्याच कारणाने दुखावतोही लवकर. 'छाती मारताना लागलं' म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यातले बहुतेक जण बोट ठेवतात ते खांद्याच्या पुढच्या बाजूला.

ढकलायच्या प्रत्येक व्यायामात छातीबरोबर दंडामागचा ट्रायसेप्स आणि खांद्याचा पुढचा भाग राबतात. नवख्या माणसाचे हात आधी थकतात, छातीला पुरतं काम मिळायच्या आतच. "सर, छातीत काही जाणवतच नाही" असं कुणी म्हणालं की मी वजन वाढवू देत नाही. वजन कमी करून खाली येताना तीन आकडे मोजायला लावतो.

२. रॉड अंगावर येतो, मशीन सांध्याला ओढतं

दोन्ही साधनं इजा करू शकतात, पण त्यांच्या तऱ्हा निराळ्या.

बेंचवर उताणं झोपून रॉड उचलताना वजन आणि आपण यांच्यामध्ये फक्त आपले हात असतात. मोकळा ऑलिम्पिक रॉडच २० किलोचा. जोर संपला की तो खालीच येतो, आणि खाली छाती आहे, तिच्याजवळच गळा. गळ्यावर रॉड येऊन माणसं दगावलेली आहेत. हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगतो.

चेस्ट प्रेस मशीनवर जोर संपला तर प्लेटांची चळत खाली आपटते, आवाज होतो आणि विषय संपतो. पण मशीनची जोखीम सुरुवातीलाच असते. हँडल छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपर पाठीच्या मागे गेलेले, खांदा पूर्ण ताणलेला, आणि त्या अवस्थेतून पहिला काउंट मारायचा. खांदा सगळ्यात नाजूक असतो त्याच ठिकाणी सगळं वजन एकदम अंगावर येतं. बऱ्याच मशीनना यासाठी पायाजवळ एक दांडी दिलेली असते. तिच्यावर पाय दाबला की हँडल आपोआप पुढे येतात. हात सरळ करून हँडल धरायचे, मग पाय हळूच सोडायचा, आणि पहिला काउंट वरून खाली असा सुरू करायचा. सेट संपल्यावर पुन्हा पाय दाबून हँडल मागे सोडायचे. ही दांडी मी येईल त्याला दाखवतो, कारण वर्षानुवर्षं त्याच मशीनवर बसणाऱ्यांनाही ती पाय टेकायला दिली आहे असंच वाटत असतं. दांडी नसेल तर शेजारच्याला पहिला धक्का द्यायला सांगावं.

३. रॉडखाली एकट्याने झोपायचं नाही

आमच्याकडे हा नियमच आहे. एक तर सपोर्टला माणूस हवा, नाहीतर रॅकच्या आडव्या दांड्या योग्य उंचीवर लावलेल्या हव्यात.

दांड्यांची उंची ठरवायची ती रिकाम्या रॉडवर. बेंचवर झोपा, छाती वर उचला, दोन्ही खांद्यांची पाती मागे आणि खाली ओढून घ्या. व्यायाम करतानाची हीच बैठक. या बैठकीत रॉड छातीला टेकेल तेव्हा दांड्या त्याच्या जेमतेम खाली असाव्यात. मग छाती सैल सोडून पाठ सपाट केली की रॉड दांड्यांवर बसतो आणि माणूस खालून सरकून बाहेर येतो. नव्या मुलाकडून हे मी रिकाम्या रॉडवर मुद्दाम करून घेतो. रॉड वर जात नाही असं समजायचं, छाती सैल सोडायची, रॉड दांड्यांवर ठेवायचा आणि बाहेर निघायचं. ते अंगवळणी पडल्याशिवाय प्लेटा चढत नाहीत.

सपोर्ट देणं हेसुद्धा शिकवावं लागतं. सपोर्टवाल्याने डोक्यामागे उभं राहायचं, पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, आणि नजर रॉडवर. किती काउंट मारणार हे आधी विचारायचं. रॉड हुकांवरून काढताना 'एक, दोन, तीन' कुणी म्हणायचं तेही आधी ठरवायचं. मधे हात लावायचा नाही. रॉड थांबला किंवा खाली यायला लागला की दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि हुकांवर बसेपर्यंत सोडायचा नाही. काही मित्र पहिल्या काउंटपासून बोटं लावून ठेवतात. त्यामुळे झोपलेल्याला आपण खरं किती उचललं हे कळतच नाही, आणि पुढच्या सोमवारी तो तेवढंच वजन घेऊन सपोर्टशिवाय झोपतो.

अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवा. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून रॉड नुसता तळव्यावर टेकवायची पद्धत काही जणांना मनगटाला सोयीची वाटते, पण घामेजलेल्या हातातून रॉड सटकला तर तो थेट छातीवर. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत बेंच प्रेसला अंगठ्याची ही पकड सक्तीची आहे. दोन्ही तर्जनींमधलं अंतर ८१ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि मंचावर मदतनीस किमान दोन लागतात. वर्षानुवर्षं रॉड उचलणारे खेळाडूसुद्धा दोन माणसांच्या पहाऱ्यात झोपतात, हे मी पोरांना आवर्जून सांगतो.

बाकी फॉर्मचं थोडक्यात. झोपल्यावर डोळे रॉडच्या बरोबर खाली. पाय जमिनीवर घट्ट. रॉड उतरवायचा तो छातीच्या खालच्या निम्म्या भागावर, मानेकडे नाही. कोपर अंगाशी काटकोनात फाकवायचे नाहीत, थोडे बरगड्यांकडे आणायचे. खाली टेकताना मनगट आणि कोपर एका उभ्या रेषेत. आणि रॉड छातीवर उसळवायचा नाही.

दांड्याही नाहीत, माणूसही नाही, आणि रॉड छातीवर अडकलाच, तर शेवटचा मार्ग म्हणजे रॉड पोटावरून मांड्यांकडे गडगडवत नेऊन उठून बसायचं. हलक्या वजनाला हे जमतं. जड वजन पोटाला इजा करतं. म्हणून या मार्गावर विसंबून कुणी झोपू नये.

४. स्मिथ मशीनबद्दलचा गैरसमज

रूळांवर वरखाली सरकणारा रॉड. नावात 'मशीन' असल्यामुळे तो आपोआप सुरक्षित असं लोक धरून चालतात आणि एकटे झोपतात. प्रत्यक्षात मनगट वळवून हूक अडकवलं तरच तो थांबतो. हात थकलेले, मनगट वळत नाही आणि खालचे अडथळे लावलेले नाहीत, अशा वेळी स्मिथचा रॉड मोकळ्या रॉडसारखाच छातीवर येऊन बसतो. खालचे अडथळे लावा, बास.

दुसरी गोष्ट, मोकळा रॉड छातीच्या खालच्या भागावरून निघून वर जाताना थोडा खांद्यांकडे झुकतो. स्मिथचा रॉड ठरलेल्या रेषेतच जातो, त्यामुळे बेंच इंचभर मागेपुढे झालं तरी सगळा फरक खांद्याला सोसावा लागतो. रिकाम्या रॉडवर बेंच सरकवून जागा पक्की करावी आणि जमिनीवर खडूने खूण करून ठेवावी.

५. मशीनची सीट लावण्यात वेळ द्या

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काळजी. सीट इतकी वर हवी की हँडल छातीच्या मध्यावर किंवा जरा खाली येतील. सीट खाली राहिली की हँडल खांद्यांच्या उंचीला येतात, कोपर वर उचलले जातात आणि खांद्याचा पुढचा भाग रगडला जातो.

बरीच मशीन उंच माणसाच्या मापाची असतात. पाच फुटांच्या आतबाहेरची बाई त्यावर बसली की पाठ टेकल्यावर हँडल हाताला लांब पडतात, पाय अधांतरी राहतात. आमच्याकडे एक ताई आठवडाभर अशाच बसत होत्या आणि मान दुखते म्हणून सांगत होत्या. पाठीमागे एक जाडसर उशी लावली, पायाखाली लाकडी पाट ठेवला, सीट एक खाच वर घेतली. मानेचं दुखणं गेलं, आणि वजनही वाढलं. उशी आणि पाट तेव्हापासून त्या मशीनजवळच ठेवलेले आहेत. ज्याला लागेल त्याने बिनदिक्कत घ्यावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

छातीच्या व्यायामाने स्तनांवर परिणाम होईल अशी भीती काही जणी हळूच बोलून दाखवतात. स्नायू खाली असतो, स्तन त्याच्या वर. व्यायामाने खालचा स्नायू बळकट होतो, एवढंच.

पेक डेक, म्हणजे फुलपाखरासारखे हात मिटायचं मशीन, त्यात हात किती मागून सुरू व्हावेत हे ठरवणारी पिन बहुतेक ठिकाणी असते. हात खांद्यांच्या रेषेपर्यंतच मागे जातील अशी ती लावावी. त्याही मागे गेल्याने छाती 'जास्त उघडते' असं म्हणतात. खरं तर तिथे ताण सांध्याच्या पुढच्या पडद्यावर येतो.

६. पिनवरचा आकडा त्या मशीनपुरता

"सर, मशीनवर ६० मारतो, रॉडवरही ६० लावू?" लावू नये. मशीनमध्ये मधे कप्प्या असतात, तरफ असते, घर्षण असतं. फिरती कप्पी असेल तर हाताला प्रत्यक्षात निम्मंच वजन लागतं. तेल न घातलेल्या दांड्यांवर तेच वजन जड होतं. शिवाय अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी १९७० च्या सुमारास नॉटिलस मशीन बाजारात आणली तेव्हापासून शंखाच्या आकाराचे कॅम वापरात आले. त्यांनी एकाच काउंटमध्ये वजन कुठे जड तर कुठे हलकं लागतं. म्हणून वहीत वजन लिहाल तेव्हा मशीनही लिहा, आणि व्यायामशाळा बदलली तर खालून सुरू करा. स्मिथचा रॉडसुद्धा सगळीकडे २० किलोचा नसतो. काहींना आतून प्रतिवजन लावलेलं असतं.

रॉडवर पहिल्यांदा येणाऱ्याने मशीनवरचा आकडा विसरून रिकामा रॉड घ्यावा. मुलींसाठी १५ किलोचा रॉड मिळतो. तोही जड वाटला तर आधी डंबेल.

७. वाढ किती, हे साधन ठरवतं

ठरवलेल्या काउंटपेक्षा एक-दोन काउंट जास्त सहज मारता आले की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवावं, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं मार्गदर्शन आहे. ते वाचायला सोपं, पण हिशोब मांडून बघा. रॉडवर ४० किलो असतील आणि दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट लावली तर वाढ अडीच किलोची, म्हणजे सव्वासहा टक्के. उत्तम. मशीनवर पिन २० वरून २५ वर नेली की वाढ २५ टक्के. आणि ५ किलोच्या डंबेलवरून साडेसातच्या डंबेलवर गेलं की वाढ थेट ५० टक्के. पोरांना यात काही वावगं वाटत नाही, कारण रॅकवर ती दोन डंबेल शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

यावर उपाय आहेत. डंबेल बदलण्याआधी काउंट वाढवायचे, आठावरून बारा, बारावरून पंधरा. मशीनच्या चळतीवर ठेवायला छोटी जादा वजनं मिळतात. ती नसतील तर पहिला सेट नव्या वजनावर आणि पुढचे जुन्या वजनावर मारायचे. आमच्या व्यायामशाळेत नवी खरेदी निघाली तेव्हा मोठ्या प्लेटांऐवजी सव्वा किलोच्या जोड्या वाढवा असा आग्रह मी धरला, आणि आज सगळ्यात जास्त हाताळल्या जातात त्या त्याच.

८. डंबेलमध्ये स्वातंत्र्य आहे, पण चढउतार शिका

डंबेलने प्रत्येक हाताला आपापली वाट घेता येते, तळवे एकमेकांकडे ठेवता येतात, खांद्याला जिथे बरं वाटेल तिथून ढकलता येतं. खांदा कुरकुरणाऱ्यांना मी रॉडऐवजी डंबेलच देतो. गळा अडकायची भीतीही नाही. मात्र तोल सांभाळण्यात ताकद जाते, त्यामुळे दोन डंबेलांचं मिळून वजन रॉडपेक्षा कमीच राहतं. ते तसंच असायला हवं.

इथे दुखापत होते ती बहुधा सेटच्या आधी नाहीतर नंतर. बेंचवर झोपून मग जमिनीवरची डंबेल उचलायला हात मागे न्यायचा, हे खांद्यासाठी वाईट. आधी बसायचं, डंबेल मांड्यांवर उभी ठेवायची, मागे झोपताना एकेका गुडघ्याचा हलका धक्का देऊन ती खांद्यांपाशी आणायची. संपल्यावर गुडघे पुन्हा वर घेऊन डंबेल मांड्यांवर टेकवत उठायचं. जोर पूर्णच संपला तर कोपर अंगाशी घेऊन डंबेल बाजूला जमिनीवर सोडायची. हात लांब पसरून कधीही नाही. त्याआधी शेजारी कुणाचा पाय नाही ना, हे बघायचं. नट फिरवून लावायच्या जुन्या डंबेलचा नट प्रत्येक सेटआधी आवळावा. तोंडावर प्लेट सुटून पडायला एक सैल नट पुरतो.

९. ताकद ज्या हालचालीत कमवाल तिथे जास्त दिसेल

मशीन आणि मोकळं वजन यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांतून जे दिसतं तेच व्यायामशाळेतही दिसतं. स्नायू दोन्हींवर सारखाच वाढतो, पण मशीनवर कमावलेली ताकद मशीनवर मोजली की जास्त भरते आणि रॉडवरची रॉडवर. तेव्हा कशासाठी करायचं हे आधी ठरवा.

भरतीच्या पोरांचं बघा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर जास्त भरावी लागते. त्या ५ सेंटिमीटरसाठी पोरं बेंच प्रेस मारमार मारतात. छातीचा स्नायू जाड झाला तर न फुगवतानाचं माप वाढतं, आणि त्याचबरोबर फुगवतानाचंही. दोहोंतला फरक बरगड्या किती उघडतात यावर असतो. त्यासाठी दीर्घ श्वास, पाठीच्या वरच्या भागाची लवचिकता आणि फुगवलेला श्वास टेप लागेपर्यंत धरून ठेवायचा सराव हवा. ज्यांना हे कुणी सांगितलं नाही अशी ताकदवान पोरं टेपपाशी अर्ध्या सेंटिमीटरने मागे येतात तेव्हा फार वाईट वाटतं. मैदानी चाचणीतला पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा. तो उभ्याने, पायांपासून निघालेल्या जोराने फेकायचा असतो. त्यांच्यासाठी मी उभ्याने एका हाताने केबल ढकलणं, डंबेल आणि जोर यांवर भर देतो. रॉड आहेच, पण तेवढाच नाही.

पॉवरलिफ्टिंग खेळायचं असेल तर रॉडला पर्याय नाही. साठी ओलांडलेल्यांना सामानाची पिशवी उचलून माळ्यावर ठेवायची असते, दार ढकलायचं असतं. त्यांना आठवड्यातून दोनदा मशीन आणि भिंतीवरचे जोर पुरतात.

१०. जोर

तालमीतून आलेला हा व्यायाम हल्ली व्यायामशाळेत 'वॉर्म अप' म्हणून उरकतात, याचं मला मनापासून दुःख होतं. साध्या पुश-अपमध्येच शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. ६० किलोच्या मुलासाठी तो ४० किलोच्या आसपास झाला. जोर संपला तर गुडघे जमिनीला टेकतात, वजनाला पडायला दुसरी जागाच नाही. शिवाय बेंचवर पाठीखाली दाबली गेलेली खांद्याची पाती इथे मोकळी फिरतात, बरगड्यांच्या कडेचे स्नायूही राबतात. खांदा निरोगी राहायला ते लागतातच.

तालमीतल्या जोरात अंग मागून खाली आणि खालून पुढे असं लाटेत जातं. त्याने खांदा आणि पाठ दोन्ही सुटतात, पण ज्याचा खांदा किंवा कंबर आधीच दुखते त्याने साध्या पुश-अपने सुरुवात करावी. चढण अशी: आधी भिंत, मग ओटा किंवा टेबल, मग बेंच, मग जमीन. जमिनीवर सलग वीस स्वच्छ जोर निघेपर्यंत मी कुणाला रॉडकडे पाठवत नाही. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझा आहे, आणि मी तो सोडणार नाही.

११. जितकं ढकलाल तितकं ओढा

छातीच्या प्रत्येक सेटमागे पाठीचा एक सेट. केबल रोइंग, वाकून डंबेल ओढणं, बारला लोंबकळणं, काहीही चालेल. नुसती छाती करणाऱ्यांचे खांदे पुढे येतात आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांचे आधीच आलेले असतात. दोन छातीच्या दिवसांमध्ये निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

१२. श्वास कोंडू नका

ढकलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. जड रॉड उचलणारे खेळाडू क्षणभर श्वास धरून धड कडक करतात. ते तयारीने, थोड्या काउंटसाठी, निरोगी शरीराने करतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट नळी घालून रक्तदाब मोजला, तेव्हा जड वजन पायांनी ढकलताना सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला होता. ती तरुण, तयार शरीरं होती. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी श्वास कोंडून ढकलणं आणि शेवटचा काउंट कण्हत काढणं, दोन्ही टाळावं. अशांसाठी मशीन खरोखर चांगलं. तोल सांभाळायचा नसतो, हलक्या वजनावर बोलता बोलता बारा काउंट होतात आणि वाटेल तिथे थांबता येतं.

१३. दुखणं कुठलं ते ओळखा

व्यायामानंतर एक-दोन दिवस छाती दोन्ही बाजूंना ठसठसते, दाबली की दुखते. ते साधं. खांद्याच्या पुढे एकाच जागी टोचतं आणि प्रत्येक काउंटला टोचतं, तर तो व्यायाम त्या दिवसापुरता बंद. तेच दुखणं दोन आठवडे टिकलं तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

जड रॉड खाली आणताना काखेजवळ 'फट्' झालं, जोर एकदम गेला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत दंडावर, काखेत काळंनिळं पडलं, तर छातीचा स्नायू हाडापासून सुटलेला असू शकतो. ही दुखापत बेंच प्रेसमध्ये, रॉड खाली येत असताना होते हे सर्वज्ञात आहे. लेप, मालीश यात दिवस घालवू नका. शस्त्रक्रिया लागली तर ती पहिल्या काही आठवड्यांत सोपी जाते. नंतर स्नायू आखडतो.

आणि छातीच्या मध्यावर दडपल्यासारखं वाटलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, श्वास लागला, तर तो व्यायामाचा थकवा समजू नका. बसवा आणि १०८ ला फोन करा. आमच्या दारावर हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, आणि जवळचं हृदयरोगाचं रुग्णालय कुठलं हे दोन्ही पाळ्यांच्या शिक्षकांना तोंडपाठ आहे.

बायपास झालेल्यांचं वेगळं. त्या शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड उभं कापून पुन्हा तारांनी बांधतात आणि ते जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. छातीचे स्नायू याच हाडाच्या दोन्ही कडांना धरून आहेत. ते जोरात आखडले की हाडाचे दोन भाग दोन दिशांना ओढले जातात. म्हणून सर्जनची लेखी परवानगी आल्याशिवाय ढकलायचं काही नाही. आमच्याकडे असे एक काका येतात. परवानगी मिळाल्यावर पहिले काही आठवडे नुसतं चालणं आणि खांद्यांची हालचाल, मग भिंतीवरचे जोर, मग चेस्ट प्रेसवर सगळ्यात वरची एकच प्लेट, पायाची दांडी दाबूनच. हल्ली ते तिसऱ्या प्लेटला पिन लावतात, टेबलाला हात टेकून जोर मारतात आणि सेटच्या मधे माझ्याशी गप्पा मारतात. त्यांना रॉड उचलायचा आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारायचं ठरलंय. ते 'हो' म्हणाले तर रिकामा रॉड, दांड्या लावलेल्या, आणि डोक्यामागे मी.